मागच्या सीटजवळची जाळी

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "साठेकाका, गाड्या विकतानाच्या गमती लिहा. दिवाळी अंक आहे, लोकांना जरा हसू द्या." मी हो म्हटलं. तेव्हापासून लिहायला बसतो आणि उठतो, असं चाललंय. खिडकीशी जातो, खाली पार्किंगमधल्या गाड्या बघतो, परत येतो. गमती भरपूर आहेत. पण कुठलीही लिहायला घेतली तरी हात एकाच गाडीपाशी येऊन अडतो. म्हणून आधी थोड्या गमती सांगतो, म्हणजे दिलेला शब्द पाळल्यासारखं होईल. मग त्या गाडीचं सांगतो. ते कापू नये, एवढीच विनंती.

एटोबिकोत जुन्या गाड्यांच्या एका लॉटवर, म्हणजे विक्रीच्या गाड्या लावलेल्या मोकळ्या आवारात, मी सेल्समन होतो. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. इथे आल्यावर सुट्या भागांच्या कारखान्यात लागलो. तो कारखाना बंद झाला तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती आणि त्या वयाच्या इंजिनिअरला कोणी दारात उभं करत नव्हतं. जुन्या गाड्या विकणं आमच्या पिढीच्या मराठी माणसांत फारसं सांगण्यासारखं नव्हतं. आजूबाजूला सगळे डॉक्टर आणि प्रोफेसर. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर मी "ऑटोमोटिव्हमध्ये आहे" एवढंच म्हणायचो आणि बटाटेवड्याकडे वळायचो.

मग पुण्या-नागपूरकडून सॉफ्टवेअरवाली मुलं यायला लागली. त्यांना इथल्या थंडीत गाडी लगेच हवी असायची आणि सेल्समनवर काडीचाही भरवसा नसायचा. त्यांना मराठी बोलणारा सेल्समन सापडला. बघता बघता मी 'गाडीवाले काका' झालो. किचनरपासून ऑटव्यापर्यंत कुणाला गाडी घ्यायची असली की आधी मला फोन. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे गाडी वयाने मरत नाही, मिठाने मरते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खात राहतं. आपली माणसं मात्र बॉनेट उघडून इंजिनकडे गंभीरपणे बघत उभी राहतात, चारही टायरांना एकेक लाथ घालतात आणि विचारतात, "काका, अॅव्हरेज किती देते?" मी म्हणायचो, "अॅव्हरेज नंतर. आधी खाली वाका, पोट बघा तिचं."

मिसिसागाचे एक गृहस्थ शनिवारी लोखंड घ्यायचं नाही म्हणून अडून बसले होते. त्यांना सुट्टी शनिवारीच आणि रविवारी आमचा लॉट बंद. शेवटी त्यांनीच तोड काढली. "काका, बुधवारी फोनवर तुम्ही म्हणा 'दिली', मी म्हणतो 'घेतली'. शनिवारी मी फक्त न्यायला येतो."

"काय न्यायला?"

"माझीच गाडी! स्वतःची वस्तू घरी नेताना कसला आलाय शनी?"

आमच्या मालकाने, तो ग्रीक होता, विचारलं की हा माणूस फोनवर काय ओरडला. मी म्हटलं, धार्मिक आहे. त्याने समजूतदारपणे मान हलवली.

हॅमिल्टनचे एक निवृत्त डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन आले होते. त्यांना दाखवलेली गाडी हायब्रिड होती. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिनही असतं आणि मोठी बॅटरीही. उभी असताना ती बहुतेक वेळा इंजिन बंद ठेवते, त्यामुळे चालू असली तरी आवाज येत नाही. डॉक्टरांनी बॉनेटला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "साठे, ही गेलेली आहे."

"डॉक्टर, चालू आहे गाडी."

"मला सांगू नका. ठोकाच नाही."

त्यांच्या पत्नी गाडीतूनच म्हणाल्या, "अहो, रिटायर झालात ना? निदान गाड्यांना तरी जगू द्या."

याच सुमारास, म्हणजे दोन हजार पंधरा-सोळाच्या आसपास, जुन्या छोट्या हायब्रिड एसयूव्हींना आपल्या लोकांत अचानक मागणी आली. कारण सरळ होतं. बर्फात उंच गाडी बरी वाटते, आईवडील भारतातून आले की त्यांना चढायला-उतरायला सोपी जाते, आणि पेट्रोल कमी पितात. पण जुनी हायब्रिड घेणं म्हणजे दोन गाड्या तपासणं. इंजिन कुणीही तपासेल, बॅटरी तपासणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो होता. त्याचं नाव रामदीन.

रामदीन गयानाचा. त्याचे पूर्वज पिढ्यांमागे भारतातून तिकडे उसाच्या मळ्यांत गेलेले. हिंदी त्याला येत नसे. आरत्यांच्या चाली मात्र पाठ होत्या, आणि गाडीखाली झोपून तो त्या शब्दांशिवाय म्हणायचा. आमच्या लॉटच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं आणि आमच्या गाड्या तोच तपासायचा. माणूस मवाळ वगैरे नव्हता. बढाईखोर, तोंडाळ, वेळेवर कधीच न येणारा. मी गिऱ्हाइकांच्या गाडीची पूजा करतो म्हणून मला 'पंडित' म्हणायचा. बोलायचा इंग्रजीच, त्याच्या हेलात. इथे मराठीत देतो.

बॅटरी तपासायची त्याची पद्धत अशी. आधी गाडी पुलाच्या चढावर जोरात न्यायची, म्हणजे बॅटरीवर ताण येतो. मग स्कॅनरवर तिच्या प्रत्येक भागाचा व्होल्टेज बघायचा. एखादा भाग बाकीच्यांपेक्षा मागे पडत असेल तर बॅटरी म्हातारी. शेवटी बॅटरीचा पंखा उघडून साफ करायचा. त्या गाड्यांत बॅटरी मागे असते, आणि तिला थंड ठेवणारी हवा मागच्या सीटच्या बाजूला असलेल्या एका प्लॅस्टिकच्या जाळीतून आत ओढली जाते. जाळी तळहाताएवढी, कुणाच्या लक्षातही येत नाही.

"हे हिचं नाक," रामदीन म्हणायचा. "नाक दाबलं की हिवाळ्यात काही कळणार नाही. उन्हाळ्यात मरेल. पंडित, गाडी विकताना प्रत्येकाला नाक दाखवायचं. ते माझं काम नाही, तुझं."

आणि मी दाखवायचो. चिनी, इटालियन, पंजाबी, जो येईल त्याचा हात धरून जाळीपुढे ठेवायला लावायचो. इथे कोट टाकू नका, मुलांची दप्तरं ठेवू नका, कुत्र्याचं ब्लँकेट अंथरू नका. पाठ झालं होतं.

किचनरचा निनाद आणि त्याची बायको ऋतुजा माझ्याकडे आले ते त्याच काळातल्या एका पावसाळी, कुंद सप्टेंबरात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. निनादची आई पुण्याहून यायची होती, तिचे गुडघे दुखायचे, म्हणून उंच गाडी हवी होती. मी त्यांच्यासाठी एक निळी हायब्रिड बाजूला ठेवली. रामदीनने ती तपासली, पंख्यातून आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस काढले, आणि म्हणाला, "हिला काही झालं तर माझं नाव बदल." बढाई, पण खरी होती.

गाडी दसऱ्याला न्यायची ठरली. मराठी गिऱ्हाइकांसाठी मी लॉटवर नारळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं करायचो. त्या दिवशी आईही आल्या होत्या. गार वारा होता, निनाद व्हिडिओ काढत होता, ऋतुजाचे आईवडील भारतातून फोनवर बघत होते, आमचा मालकही कपाळाला कुंकू लावून उभा होता. मी अगदी रंगात होतो.

आई मागच्या सीटवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "लेदर फार गार लागतं हो, बर्फावर बसल्यासारखं. भाऊजी, मी गोधडी आणलीय. अंथरली तर चालेल ना गाडीला?"

मी म्हणालो, "चालेल? पळेल!"

सगळे हसले. फोनमधले व्याहीसुद्धा हसले. आणि त्या हसण्यावर खूश होऊन मी वाकलो, त्यांची ती जुन्या सुती लुगड्यांची मऊ गोधडी सीटवर पसरली, आणि ती घसरू नये म्हणून तिची कड सीटच्या बाजूला, जाळीच्या खाचेत, माझ्या हाताने घट्ट खोचली.

जाळीची आठवण झाली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. कड खोचताना बोटांना प्लॅस्टिक लागलं. क्षणभर मनात आलंही. पण व्हिडिओ चालू होता, नारळ फोडायचा होता, आणि आत्ता 'थांबा, असं नको' म्हणायचं म्हणजे सगळा रंग जाणार. म्हटलं, निघताना सांगू. निघताना पेढे आले.

हिवाळ्यात काही झालं नाही. पुढच्या जुलैत, भर उन्हात, ती तिघं मॉन्ट्रियलला आईंच्या भाचीकडे निघाली होती. किंग्स्टनच्या अलीकडे, हायवेवर, गाडीने लाल दिवा दाखवला आणि ताकद सोडली. निनादने कशीबशी कडेला घेतली. बाजूने ट्रक जात होते, एसी बंद, टो ट्रकचा पत्ता नाही. गवतात उभ्या असलेल्या आईंना चक्कर आली. त्यांना अॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं आणि ती रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. त्या बऱ्या झाल्या. पण निनादचा फोनवरचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गाडी ट्रकवर चढवून आमच्या लॉटवर आणली. ती उतरवली तेव्हा निनाद अजून पोचला नव्हता. मी मागचं दार उघडलं. गोधडी होती तशीच होती. कड जाळीत, मी खोचली होती तशी. तिथलं कापड पंख्याने आत ओढून ओढून खोलगट झालं होतं. मी कड उपटून काढली, गोधडीची घडी घातली आणि ती डिकीत ठेवली. हे करताना मी इकडेतिकडे बघत होतो, म्हणजे काय करतोय ते मला नीट कळत होतं.

थोड्या वेळाने निनाद आला, मागोमाग रामदीन. त्याने स्कॅनर लावला, मान हलवली. बॅटरी भाजून गेली होती. मग पंखा उघडला. पंख्याच्या पात्यांवर सुताचा पुंजका होता.

"हा कापूस कुठून आला?" त्याने विचारलं. "पंडित, यांना नाक दाखवलं होतंस ना?"

"दाखवलं होतं," मी म्हणालो.

निनादने माझ्याकडे बघितलं. त्याला काही आठवत नव्हतं. पण तो सभ्य मुलगा, काका म्हणतात म्हणजे दाखवलं असेल, असं त्याने धरलं. मग तो रामदीनकडे वळला. "तुम्ही पंखा साफ केला होता म्हणालात. मग हे आधीच्या मालकाचंच राहिलं ना आत?"

"मी साफ केला होता!" रामदीन ओरडला. "कुत्र्याचे केस होते. कापूस नव्हता! विचार याला!"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जाऊ द्या. माणसाच्या हातून राहतं कधीकधी."

एवढंच वाक्य. त्यात मी कुणाचं नाव घेतलं नाही, आणि सगळं रामदीनवर गेलं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये हा विषय निघालाच. प्रसादाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "साठेकाका, तुमच्या त्या मेकॅनिकचं नाव रामदीन आणि काम रामभरोसे!" रांगभर हशा पिकला. मीही हसलो. ते वाक्य पुढे व्हॉट्सअॅपवर किचनरपासून ऑटव्यापर्यंत गेलं. हा अंक हातात असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलं असेल, काहींनी पुढेही पाठवलं असेल.

आपल्या लोकांनी रामदीनकडे जाणं सोडलं. बातमी मालकाच्या कानावर गेली आणि त्याने तपासणीचं काम दुसऱ्याला दिलं. एकदा रामदीन मला गल्लीत भेटला. "पंडित, तुझी माणसं येत नाहीत. मी काय केलं?" मी म्हटलं, हल्ली विक्रीच कमी आहे. पुढच्या वर्षी त्याने गॅरेज बंद केलं आणि ब्रॅम्प्टनला दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर लागला. तेव्हा त्या भागात भाडीही वाढली होती. मी आजवर त्या वाढलेल्या भाड्याच्या आडोशाला उभा राहिलो. खरं सांगितलं तर आईंना वाईट वाटेल, गोधडी त्यांची होती, अशीही एक समजूत मी स्वतःची घालायचो. दुसऱ्याला जपतोय असं वाटलं की गप्प बसणं सोपं जातं.

या उन्हाळ्यात निनाद-ऋतुजाच्या मुलीचं बारसं होतं. मी रिटायर झालोय आणि गाडी चालवणं डोळ्यांमुळे सोडलंय. मला कुणीतरी किचनरला घेऊन गेलं. जेवणं झाल्यावर आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"भाऊजी, यांनी नवी गाडी घेतली. तीही तसलीच, बॅटरीवाली. विकणाऱ्या मुलीने मागच्या सीटजवळची जाळी दाखवली, म्हणाली इथे काही अंथरू नका. तशी जाळी त्या निळ्या गाडीलाही होती का?"

"होती."

आई काही वेळ ओट्यावरचं फडकं घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच मारली ती गाडी. पोरांना अजून सांगितलं नाही. रोज वाटतं सांगावं, मग धीर होत नाही. एकच विचारते. गोधडी चालेल का, असं मी तुम्हाला विचारलं होतं, असं मला आठवतंय. की ते मीच मनाचं रचलंय? या वयात काही कळत नाही."

मी त्या बाईंकडे बघू शकत नव्हतो. ज्यांना जपतोय असं मी म्हणत होतो, त्या माझं ओझं उचलून फिरत होत्या आणि वर स्वतःच्या आठवणीवर शंका घेत होत्या.

"विचारलं होतंत," मी म्हणालो. "मी हो म्हणालो. कडसुद्धा मीच खोचली. आणि नंतर मीच काढून ठेवली, कुणी बघायच्या आत."

आई रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मग तो मेकॅनिक?"

त्याच दिवशी निनाद आणि ऋतुजाला सांगितलं. निनाद मुलीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत राहिला. ऋतुजाने मात्र विचारलं, "काका, तुम्ही बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायचात. मग आम्हालाच कसं नाही?"

त्याचं उत्तर मला आता सुचतंय. परक्यांपुढे मी सेल्समन असायचो, चूक काढली जाईल या धाकात असायचो. तुमच्यापुढे मी काका होतो. काकाला कुणी उलटून विचारत नाही. हळूहळू तो स्वतःलाही विचारेनासा होतो.

पुढच्या आठवड्यात निनादनेच मला ब्रॅम्प्टनला नेलं. रामदीन एका व्हॅनखाली होता. बाहेर आला, हात पुसले. केस पांढरे झाले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाळी, कड, डिकी, 'दाखवलं होतं' म्हणालो ते, प्रसादाच्या रांगेतलं ते वाक्य आणि माझं हसणं. त्या वाक्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागला. ते सर्वांत अवघड गेलं.

निनादने माफी मागितली. रामदीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू मुलगा आहेस. तुला मोठ्या माणसाने सांगितलं, तू मानलंस." माझ्या पाठीवर ठेवला नाही.

मी म्हणालो, "रामदीन, हे तुला सांगायलाच हवं होतं."

"मला कशाला?" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. आत काम करणारे दोघं थांबून बघायला लागले. "मी पंखा साफ केला होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला नवीन काय सांगितलंस? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. जे हसले त्यांना सांग."

मी म्हटलं, मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यात लिहितो. सगळे वाचतात.

"तुझ्या भाषेत?"

"हो."

"मला वाचता येणार नाही." मग म्हणाला, "ठीक आहे. लिही. आणि छापून आलं की इथे घेऊन ये, मला इंग्रजीत वाचून दाखव. पण तू वाचू नकोस, पंडित. तुझ्यावर माझा विश्वास नाही. त्या रांगेत जे उभे होते त्यातलं कुणीतरी आण. ते वाचतील, मी ऐकेन."

एवढं बोलून तो परत व्हॅनखाली गेला. या वेळी आतून कुठली चाल ऐकू आली नाही.

तेव्हा लिहितो. त्या निळ्या गाडीची बॅटरी रामदीनने नीट तपासली होती. पंखा त्याने साफ केला होता. गाडी बिघडली ती माझ्यामुळे. निनादच्या आईंनी विचारूनच गोधडी अंथरली होती, त्यांच्याकडे कणभरही दोष नाही. रामदीनबद्दल जे वाक्य फिरलं ते खोटं होतं, ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि मी हसलो.

ब्रॅम्प्टनचं ते गॅरेज शनिवारी दुपारपर्यंतच उघडं असतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्याआधी पोचायचं, असं निनादशी ठरलंय. तो गाडी घेऊन येणार आहे. वाचायला कुणीतरी हवं आहे. त्या रांगेत कोण कोण होतं ते मला आठवतं, पण मी कुणाला फोन करणार नाही. ज्यांना आठवत असेल त्यांनी मला करावा.